रुपीबाईचं आंदण

त्या साली कापसाला भाव नव्हता, पण कापसाच्या बियाण्यांच्या जाहिराती जोरात होत्या. ढाणकीच्या आसपास एक भिंत कोरी राहिली नव्हती. ते काम जमीर पेंटरचं. बंजारा तांड्याच्या वळणावरचा मोठा खडक रंगवायला तो डबे घेऊन पोचला आणि बघतच राहिला.

खडकाला टेकून काटक्यांची नवरी उभी होती. अंगभर बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या, ओढणीला शाम्पूच्या पुड्या, आरशांच्या जागी बाटल्यांची झाकणं. तिच्यापुढे ओळीनं दगड मांडलेले. एकावर टीव्ही, एकावर फ्रीज, एकावर मोटारसायकल. सगळं चुना, गेरू आणि काजळीनं काढलेलं.

साठीची रुपीबाई तिथंच बसून फ्रीजला मूठ काढत होती. तांड्यातल्या पोरांसारखं जमीरही तिला याडी, म्हणजे आई, म्हणायचा.

"याडी, काय करून राह्यली?"

"नातीचं आंदण मांडून राह्यली. सोयरा उत्तमसिंग पोरासाठी हे सारं मागते. आमच्या वक्ती नवऱ्याकडचे बैल देत. आता ज्याले त्याले दुकानच घरात पायजे. घे म्हणा, उचल!"

वीस वर्षं जमीर कंपन्यांची अक्षरं गिरवत आला होता. इतकी जिवंत रेघ आपल्या हातून कधी उतरली नाही, हे त्याला तिथंच कळलं. "चुना पावसात धुऊन जाईल," म्हणत त्यानं पेटीतले स्वतःचे ऑइलपेंटचे डबे तिच्यापुढे ठेवले आणि दुपारभर तिचे ब्रश धुऊन देत राहिला.

कंपनीच्या माणसानं खडकाचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ती जागा आधीच गेली, साहेब."

चौथ्या दिवशी उत्तमसिंग आला. तांडा जमला, त्याच्यावर फिदीफिदी हसला. सोयरीक मोडली, असं ओरडून तो तरातरा निघून गेला.

रुपीबाईचा चेहरा उतरला. "म्या पोरीचं वाटोळं केलं का रे, जमीर?"

जमीर तिचे ब्रश पुन्हा धुऊ लागला.

रविवारी नवरदेव पूनमसिंग एकटाच सायकलवर आला. दगड बघत बघत टीव्हीपाशी थांबला. पडद्यावर कापूस वेचणाऱ्या बाया होत्या.

"याडी, टीव्हीत आपली माणसं म्या पह्यल्यांदा पाह्यली," तो म्हणाला. त्यानं तो दगड कॅरिअरला करकचून बांधला. "बापाले मी पाहून घेतो. आमच्या घरात टीव्ही हाच."

वैशाखात लग्न झालं. पंगतीत जमीरला वाढता वाढता रुपीबाई विचारत होती, चांगला हिरवा रंग यवतमाळला कुठं मिळतो.