‘शिडी’ नावाची नोंद

काचेचा कारखाना बंद पडला आणि कामगार चहूकडे पांगले. त्यांना एकमेकांचा पत्ता लागावा म्हणून युनियनने एक वेबसाइट काढली होती. अकरा वर्षांनी ती सुरक्षित करायचं काम एका प्रोग्रामर मुलीकडे आलं.

साइट पीएचपी या जुन्या संगणकीय भाषेत लिहिलेली होती. कोड बघून तिने कपाळाला हात लावला. लोक चौकटीत जे टाइप करतील, ते तसंच्या तसं डेटाबेसला पाठवायच्या विचारणीत, म्हणजे क्वेरीत, चिकटवलेलं. एखादा आगाऊ माणूस नावाच्या जागी हुकूम लिहून अख्खी यादी पुसून गेला असता. तिने एकेक क्वेरी बदलायला घेतली. आधी जागा मोकळी ठेवून क्वेरी पाठवायची, मजकूर मागून वेगळा द्यायचा. मग मजकूर मजकूरच राहतो, त्याचा हुकूम होत नाही.

कुठे काय मोडतंय ते बघायला तिने चुकांची फाइल उघडली. दर सोमवारी सकाळी कोणीतरी एकच नाव शोधत होतं आणि नावाच्या मधोमध एकेरी अवतरणात ‘शिडी’ लिहीत होतं. ते अवतरणचिन्ह आलं की मजकूर संपला असं समजून क्वेरी तिथेच तुटायची. पडद्यावर मात्र यायचं, “अशी नोंद नाही.”

शोधणाऱ्याला स्वतःचा फोन नंबर द्यावा लागे. तिने फोन लावला.

“काका, नावातल्या त्या चिन्हामुळे तुमचा शोध अडकत होता.”

“अगं पोरी, त्या नावाचे तिघं होते आमच्या भट्टीवर. शिडी म्हटल्याशिवाय कळणार कसं? ताडमाड उंच होता. बावीस वर्षं एका पाळीत काढली आम्ही. आणि शेवटच्या दिवशी मी त्याच्याशी न बोलता निघून आलो. कशावरून, ते विचारू नकोस. सांगायचीही लाज वाटते.”

दुरुस्त केलेल्या पानावर तिने पुन्हा शोधलं. नोंद खरंच नव्हती. मग तिला नोंदणीचं पान आठवलं. तिथेही तीच चूक असणार. तिने त्या पानाच्या चुका चाळल्या आणि शिडी सापडला. सहा वर्षांपूर्वी त्याने स्वतः नाव नोंदवायचा प्रयत्न केला होता. तीनदा. तिन्ही वेळा त्याच चिन्हापाशी गाडी अडली होती. पत्ता होता, फोन होता, निरोपाच्या रकान्यात एक ओळ होती.

शिडीचा फोन बंद लागला. तिने काकांना कळवलं.

“निरोप काय आहे? वाच.”

“‘माझा पाळीतला जोडीदार विचारत आला तर हा पत्ता द्या. मी रागावलेलो नाही.’”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“तीनदा लिहिलं म्हणालीस?”

“हो, तीनदा.”

“सही करायचाही कंटाळा होता गं त्याला.”

घर क्रमांक त्यांनी दोनदा वदवून घेतला. पत्र त्याच दिवशी टाकलं. तिने शिडीची अडकलेली नोंद नव्याने चढवली, तिच्याखाली काकांची. दोन्ही बिनबोभाट बसल्या.

महिना गेला. काम संपलं तरी ती अधूनमधून फोन करत राहिली.

“आलं का उत्तर, काका?”

“नाही. पण पत्र परतही आलं नाही. म्हणजे कोणीतरी घेतलं असेल ना?”

“घेतलं असेल.”

“दुपारी टपाल येतं,” ते म्हणाले. “ठेवतो आता. दाराशी जाऊन बसतो.”