दहा जीबीत न मावणारा तोकतोरबाय

माझी बायको सोनुनबू नोव्हेंबरात गेली. आमच्या कारा-सू गावच्या कालव्यावर कुणाला कधी पाणी द्यायचं, ते ठरवणारा प्रोग्राम ती लिहीत होती. तो अर्धा राहिला. एप्रिलात पाणी सुटायचं होतं. तोवर काम पुरं झालं नाही तर प्रोग्राम काढून टाकणार आणि पुन्हा पाटकऱ्याची वही सुरू करणार, असं पाटबंधारे ऑफिसच्या एश्मातोव साहेबांनी मला मातीच्या दिवशीच सांगितलं. माणूस वाईट नाही, त्याला वेळ कळत नाही इतकंच.

मी निवृत्त प्रोग्रामर. तिचा संगणक जुना झाला होता, म्हणून नवा लॅपटॉप घेतला. त्यावर डेटाबेसची कुठली आवृत्ती टाकायची ते मेहुणीला विचारलं. बुरमा, सोनुनबूची धाकटी बहीण, ऑफिसचा सर्व्हर सांभाळते आणि मला छळते. दोन्ही कामं मनापासून करते.

"छोटी फुकटवाली टाका, भावोजी," ती म्हणाली. "तुमच्यासारखीच आहे. दहा जीबीच्या वर पोटात काही राहत नाही."

"आणि डेव्हलपरवाली?"

"तीही फुकट. पण तिच्यात सगळं असतं. तुम्हाला सगळ्याचं काय करायचंय?"

सोनुनबूचा माहितीसाठा चौदा जीबीचा होता. बुरमाने त्यातला चाचणीचा भाग वगळून आठ जीबीची प्रत दिली. "खोटे शेतकरी, त्यांची दहा वर्षांची खोटी पाणीपाळी. कचरा सगळा," म्हणाली.

छोटी आवृत्ती बसली, प्रोग्राम उघडला, पण पाणी पुढे सरकेना. सोमवारी यादीतल्या पहिल्या शेतकऱ्याला, जोरोबायला पाणी, मंगळवारी जोरोबायला, बुधवारीही त्यालाच. दोन दिवस मी माझी चूक शोधली. मग सोनुनबूची शोधली, तिच्याशी भांडलोही. शेवटी छोट्या आवृत्तीत काय काय नाही याची यादी वाचली, जी आधी वाचायला हवी होती. ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा भागच त्यात नव्हता.

"बुरमा, तुझी फुकटवाली नुसती झोपून आहे."

"म्हटलं ना, तुमच्यासारखी."

मग डेव्हलपर आवृत्ती टाकली. तिची अट एवढीच की इथे बनवा, तपासा, पण खरं पाणी इथून वाटू नका. ते ऑफिसच्या सर्व्हरचं काम. त्या सर्व्हरला जे जमत नाही ते इथे जमतं म्हणून वापरायचं नाही, हे पथ्य मी पाळलं. दहा जीबीची अडचण आता नव्हती, म्हणून पूर्ण साठा मागून घेतला.

खोटे शेतकरी उघडले. दोनशे चौदा होते. सगळ्यांचं नाव तोकतोरबाय. म्हणजे मी.

तोकतोरबाय ३: दुसऱ्याच्या चारीतून पाणी वळवतो, विचारलं तर गाढवाकडे बोट दाखवतो.

तोकतोरबाय १७: एकच गोष्ट तीनदा विचारतो. उत्तर तीनदा द्या, पाणी एकदाच.

तोकतोरबाय १८: सतराचा भाऊ. त्याहून वाईट.

शेवटपर्यंत वाचलं. माझ्याबद्दल एक चांगला शब्द नव्हता. परत पहिल्यापासून वाचलं.

प्रोग्रामचा राहिलेला भाग एकच होता: पाणी आलं आणि शेतकरी बांधावर नसेल तर काय? साहेबांचं म्हणणं, हक्क रद्द. सोनुनबूने त्या जागी काहीच लिहिलं नव्हतं. पण एकेचाळिसाव्या तोकतोरबायसमोर होतं: "झोपला. अपेक्षित उत्तर: रद्द नाही. शुक्रवारी संध्याकाळी द्या. उठवून सांगा."

मी तसंच लिहिलं. चाललं.

मार्चअखेर साहेबांना दाखवलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "रद्द का होत नाही?"

"तिने तसं ठरवलंय."

"पण ती तर..."

"हो. म्हणून आता तिच्याशी वाद घालता येत नाही. मी घालून पाहिलाय."

बुरमा मध्ये पडली. "साहेब, ज्याचं पाणी रद्द होईल तो ओरडायला पाटकऱ्याकडे नाही जायचा. तुमच्या खोलीत येईल."

साहेबांनी सही केली. खोटे शेतकरी वगळून प्रोग्राम सर्व्हरवर चढला.

पाणी सुटल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मामासाली नावाचा शेतकरी खरोखरच झोपून राहिला. शुक्रवार मिळाल्यावर तणतणत ऑफिसात आला. मी बुरमाकडे बसलो होतो.

"शुक्रवारी माझ्याकडे पाहुणे आहेत. कुणी ठरवलं हे?"

"माझ्या बायकोने."

"झोपाळू माणसांची बरीच माहिती दिसते तिला."

"तेहतीस वर्षांची," मी म्हटलं.