चौदा चकत्या

"दाबू नका हो त्याला. दाबलं की ते पळतं."

सुधाकर पेडणेकरांनी मान वर केली नाही. ओटीवर गुडघे टेकून ते शिंप्याकडून आणलेली मोठी कात्री रबरी फोममध्ये घुसवत होते. कात्री मिटली, तुकडा सुटला आणि दाबलेला फोम फुगून पुन्हा जागेवर आला. सरळ कापलेली कड मध्येच आत गेलेली, पन्हाळीसारखी. सकाळपासूनचा हा तिसरा तुकडा.

"याचा आता उशीत भरायलाच उपयोग," नलिनी म्हणाली.

"तू तुझी आमटी बघ."

"आमटी झाली. म्हणून तर तुम्हाला बघतेय."

सुधाकर सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यात भांडारपाल होते. वेंगुर्ल्याहून बदलून आल्याला त्यांना चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्यांच्याकडून एक बाटली फुटली नव्हती, की एक सुई हरवली नव्हती. मग यंदा पावसाळ्यात वाळवीने सूक्ष्मदर्शकाचा लाकडी खोका खाल्ला. दर सोमवारी लॅबमधली शैलजा तो सूक्ष्मदर्शक बसने खानवेलला नेई आणि तापाच्या रोग्यांचं रक्त तिथल्या तिथे तपासून सांगे. खोका गेल्यावर तिने सूक्ष्मदर्शक चादरीत गुंडाळून मांडीवर नेला. दोनदा रस्त्याने त्याचे स्क्रू ढिले झाले. डॉक्टर राजाध्यक्षांनी सांगून टाकलं, "खोका नसेल तर सूक्ष्मदर्शक इथून हलणार नाही. काचपट्ट्या इकडे पाठवा, रिपोर्ट पुढच्या सोमवारी."

म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाने आठ दिवस थांबायचं. सुधाकर पटकन म्हणून गेले, "सोमवारपर्यंत खोका मी देतो."

सामरवरणीच्या सुताराने सागवानी खोका वेळेवर दिला. आत घालायला मोडीत निघालेल्या जीपच्या सीटमधला फोम मिळाला, चार इंच जाडीचा, एकच चौकोन. आज रविवार होता आणि निम्मा फोम उशीच्या लायकीचा झाला होता.

"यात त्याच्या आकाराचा खड्डा खणायचाय," सुधाकर कात्री खाली ठेवत म्हणाले. "पण पातं टेकलं की फोम खाली बसतो. वरून रेघ सरळ दिसते, खाली तिरकी जाते. वरचा थर जास्त दबतो, खालचा कमी, म्हणून."

"कारण कळलं ना? मग सोडा." नलिनीने आतून विळी आणली, पाट ओढला आणि बसली. "मी नारळ खवताना विळी हलते का? नारळ हलतो. पातं आपल्या जागी राहू दे, तुमचा फोम दोन्ही हातांनी अलगद त्याच्याकडे न्यायचा. आणि वड्या कापताना लावते तसं पात्याला तूप."

"तूप नको. तुपाने रबर सडतं. साबणाचं पाणी लाव."

नलिनीने ओल्या पात्यावरून उरलेल्या फोमची इंचभर चकती काढली, सुरणाची काढावी तशी. सुधाकरांनी ती पट्टीला लावून पाहिली. दुसऱ्या बाजूनेही लावून पाहिली.

"काटकोनात आहे," ते हळूच म्हणाले.

"नाहीतर कशात असणार?"

पण विळीवर खड्डा कसा खणायचा? सुधाकर चकतीकडे बघत राहिले आणि मग ताडकन उठून वही घेऊन आले. काल त्यांनी दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आडवा ठेवून दर इंचावर त्याची रुंदी आणि खोली मोजली होती. चौदा इंच, चौदा मापं. खड्डा खणायचाच नव्हता. पाव उभा कापावा तशा चौदा चकत्या करायच्या, प्रत्येकीला वरच्या कडेतून तिच्या मापाची खाच द्यायची आणि सगळ्या ओळीने खोक्यात उभ्या करायच्या.

सुधाकर मापं वाचू लागले, नलिनी कापू लागली. चौथ्या चकतीला ती थांबली.

"खाचेचं तोंड दोन सूत लहान ठेवते. पोट तेवढंच."

"अगं, माप म्हणजे माप. पाव इंचाचा फरक होईल."

"मडक्याचं तोंड पोटाएवढं असतं का? गाडी आपटली की तुमचं यंत्र उडी मारून बाहेर येईल. फोम ताणला जातो, यंत्र आत जाईल. बाहेर येऊ नये एवढंच बघायचं."

सुधाकरांना हे पटलं नाही. चकत्या मात्र तिच्याच हातात होत्या. क्रम चुकू नये म्हणून तिने त्या वेणीत फुलं ओवावीत तशा दोऱ्यात ओवल्या.

सोमवारी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात शैलजाने सूक्ष्मदर्शक आणला. नलिनीने तो पहिल्यांदाच पाहिला.

"हा होय?" तिने कुशीवरून बोट फिरवलं. "ही माझी सहावी चकती. इथे सातवी. मान मला वाटली त्याहून नाजूक आहे."

"काकू, तुम्ही न बघता केलंत?" शैलजाने विचारलं.

"यांनी बघितलं होतं ना."

सूक्ष्मदर्शक खाचेत जाताना किंचित अडला, मग बसला. डॉक्टर राजाध्यक्ष चष्मा सारून वाकले. "दिसायला छान आहे, सुधाकरराव. पण खानवेलचा रस्ता काही छान नाही. झाकण उघडंच ठेवा आणि खोका उलटा करा."

शैलजाने खाली गादी ओढली. सुधाकरांनी खोक्याला हात लावला, पण उचलला नाही. गादी होती, तरी भिंगं भिंगंच असतात. हा पडला तर खानवेलचं दार कायमचं बंद. त्यांना आठवत होतं ते फक्त पाव इंच.

"बाजूला व्हा जरा," नलिनी म्हणाली. तिने पदर खोचला, खोका दोन्ही बाजूंनी धरला आणि उलटा केला. वर एकदा हलवला. मग आणखी एकदा.

काही पडलं नाही. गादीवर फोमचा एक कण तेवढा आला.

डॉक्टरांनी तो कण उचलून पाहिला. "माप कोणी काढलं?"

"मी," सुधाकर म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "पण दोन सूत हिचं. मी नको म्हणत होतो."

"जा, शैलजा. बस चुकेल," डॉक्टर म्हणाले.

बस सुरूच होती. "चालो बेन, बेसी जाओ," कंडक्टर ओरडला. शैलजा खिडकीशी बसली, नलिनीने खोका खिडकीतून आत दिला. शैलजाने तो मांडीवर घेतला, झाकणाशी नाक नेलं आणि हसली.

"काकू, खोबऱ्याचा वास येतोय."

"विळी धुतली होती गं मी."

बस वळणाआड गेली. सुधाकर दोन पावलं चालून मागे वळले. नलिनी तिथेच उभी होती, रस्त्याकडे बघत. तिचे दोन्ही हात अजून पुढे होते, खोक्याच्या रुंदीइतक्या अंतरावर.