चारचे टोले

मी एक जुने, लंबकाचे घड्याळ आहे. पाटोद्याजवळच्या एका गावात, परमेश्वररावांच्या ओसरीवर टांगलेले. ते सरपंच म्हणून निवडून आले तेव्हा सत्कारात लोकांनी मला दिले. ते वारले, पण त्यांची पत्नी भिवराबाई अजून मला पदराने पुसते, न चुकता किल्ली देते. तिच्या सुनेचे, विजयमालाचे हाल मात्र कुत्रा खाणार नाही.

मित्रांनो, दरवर्षी दीड-दोन महिने, रोज दुपारी चारला, तिच्या डाव्या डोळ्यामागे कळ उठते. डोळा लाल होऊन गळतो. तिला बसवत नाही, निजवत नाही. ओसरीवर नुसती येरझाऱ्या घालते.

“दुखनं काय घड्याळ बघून येतं व्हय? चहाची वेळ झाली की हिचं डोकं उठतं,” भिवराबाई म्हणायची.

यंदा मुलगा अंगद बायकोला बीडला डॉक्टरांकडे घेऊन गेला. परतल्यावर माझ्याखाली बसून त्याने आईला सगळे सांगितले. ठरल्या वेळी येणे हीच या आजाराची खूण आहे. रोजच्या औषधाचा गुण यायला दिवस लागतात. तोवर कळ थोपवायला दोन उपाय. एक, पंधरवडाभर कमी कमी करत घ्यायच्या गोळ्या; लवकर उतार पडतो, पण मध्येच सोडायच्या नाहीत, आणि विजयमालाला मधुमेह, तिची साखर वाढेल. दुसरा, डोक्याच्या मागे एक इंजेक्शन. काही आठवडे आराम पडू शकतो. तिच्यासाठी डॉक्टरांना इंजेक्शन बरे वाटत होते. तिलाही तेच हवे होते.

“डोक्यात सुई? येड लागंल तिला,” भिवराबाई म्हणाली. अंगदने गोळ्या आणल्या.

तिसऱ्या दिवशी चार टोले पडले आणि विजयमालाने कोरड्या डोळ्यांनी चहा गाळला. मला केवढा आनंद झाला! पण भिवराबाईने सगळी औषधे कपाटात कोंडली. दोन दिवसांत पळते ते दुखणे कसले, नखराच तो, असे तिचे म्हणणे. अंगद शेताकडे निघून गेला.

कळ परतली. मग सुनेची चोरी पकडायला भिवराबाईने एका दुपारी लंबक धरून मला तासभर थांबवले. माझ्या तबकडीवर तीन वाजले, म्हणजे खरे चार, आणि विजयमालाचा डोळा गळू लागला. मला वाटले, आता तरी म्हातारीला खरे कळेल.

“आता तीनलाच सुरू केलं का गं?” ती म्हणाली.

विजयमालाने भिंतीवर डोके आपटले. खिळा निसटला, मी खाली पडले, काच फुटली. भिवराबाई रडली, माझ्यासाठी. सकाळी अंगदने मला चादरीत गुंडाळून जीपमध्ये ठेवले. विजयमाला दारात आली. “तसंच पुढं बीडला चला. मला ती सुई देऊन आना,” ती म्हणाली.

“आधी घड्याळाचं बघू,” तो म्हणाला आणि पाटोद्याला निघाला.

मी दुरुस्त होऊन पुन्हा भिंतीवर आहे. मित्रांनो, माझी काच पुसली नाही तरी चालेल, किल्ली विसरलात तरी चालेल. तुमच्या घरात कुणी दुखतेय म्हणाले तर आधी त्याला जीपमध्ये बसवा. आता पावणेचार झालेत. विजयमाला माझ्याकडे बघते आहे आणि मला थांबता येत नाही.