जादा वजनाचा मान

या जगात डोंगरापासून माणसापर्यंत प्रत्येकाला आपलं खरं वजन कधी ना कधी ऐकावंच लागतं, आणि ते सांगण्याचा अधिकार फक्त माझा आहे. कारखान्यातून निघताना माझी तरी अशीच समजूत होती. पुढची सहा वर्षं मी बटाटे तोलले.

मित्रांनो, मी एक जुना ताणकाटा आहे. वर टांगायला कडी, खाली हूक, मध्ये पत्र्याच्या नळीत एक स्प्रिंग, एवढाच माझा संसार. स्वभावाने मी अस्वस्थ. शून्यावर स्थिर राहणं मला जन्मात जमलेलं नाही. माशी बसली तरी माझा काटा दचकतो. माझ्याबरोबर दुकानात एक तराजू होता, बैठा आणि पोक्त. तो मला म्हणे, “अरे, जरा बस.” आता टांगलेल्याने बसायचं कसं?

बटाट्याच्या दुकानातून मला ताईंनी आणलं. डोंगराच्या पायथ्याशी वाटसरूंसाठी चार खोल्या चालवणाऱ्या या बाई. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना ताईच म्हणत, कारण दुसरं काही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ वाटाड्या होता. तो पाहुण्यांना चार तास चढवून वरच्या तळ्यापर्यंत नेई आणि परत आणी. त्याच तळ्याचं पाणी गाव पितं.

पूर्वी शहरातली एक कंपनी एका वेळी साठ-साठ माणसं वर न्यायची. वाटाडे तिचे, डबे तिचे, तंबू तिचे. गावाच्या वाट्याला फक्त कचरा यायचा, तोही थेट पिण्याच्या पाण्यातून. शेवटी गावाने ठराव केला. दिवसाला बाराच माणसं वर जातील, वाटाड्या गावचा असेल, मुक्काम गावात होईल आणि आपला कचरा ज्याने त्याने खाली आणायचा. आता तो आणला की नाही, हे पाहायचं कसं? पाहुण्याची पिशवी उघडणं बरं दिसत नाही.

“उघडायची कशाला? तोलायची,” ताई म्हणाल्या, आणि मी व्हरांड्याच्या तुळईला लागलो.

जाताना वजन, येताना वजन. गावच्या शाळेचे निवृत्त मास्तर खाल्लेलं वजा करून खडूने दारावर हिशोब मांडत. पिशवी फार हलकी भरली, तर दुसऱ्या दिवशी तो पाहुणा परत वर. एका प्राध्यापकांना अशाच अर्ध्या किलोसाठी परत पाठवलं, तेव्हा त्यांना आपली विसरलेली दुर्बीण सापडली. ते गावाचे आभार मानत गेले. माझी कीर्ती वाढली.

मग काही भले पाहुणे दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या आणि डबेही उचलून आणू लागले. पिशव्या जाताना हलक्या, येताना जड. मास्तरांना गहिवरून आलं. त्यांनी नवा मान काढला. जादा वजन आणणाऱ्याला शेगडीजवळची खुर्ची आणि आंघोळीचं पहिलं गरम पाणी. माझा काटा पुढे सरकला की व्हरांड्यात टाळ्या पडत. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या माझ्यासाठीच आहेत असं मी धरून चाललो होतो.

अशात एकदा टोपीवाले साहेब आले. टोपीला जाळी, जाळीला चेन, चेनला शिट्टी. पर्यावरणाविषयी ते फार कळकळीने बोलत, विशेषतः दुसरे खोल्या झाडत असताना. जाताना त्यांची पिशवी अकरा किलो होती. संध्याकाळी सगळ्यांच्या मागून रेंगाळत ते उतरले, तेव्हा ती अठरा भरली.

“सात किलो जादा,” मास्तर म्हणाले आणि ते त्यांनी दारावर ठळक लिहिलं. “इतक्या वर्षांत असा माणूस पाहिला नाही.”

टाळ्या पडल्या. साहेब खुर्चीत बसले. गरम पाणीही त्यांनी जरा जास्तच घेतलं.

पण मित्रांनो, मला ते वजन खटकलं होतं. कचरा माझ्या हुकाला लागला की कुरकुरतो, खुळखुळतो. ही पिशवी मुकाट लोंबत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा काटा थरथरला नाही. मला सांगायचं होतं. पण मला आकडा सोडून काही बोलता येत नाही. मी नुसतं अठरा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाटाड्या दोन म्हाताऱ्या बहिणींना घेऊन तळ्याकडे गेला. दुपारपर्यंत परतायचं होतं. बाराला धुकं उतरलं. दोन वाजले. ताई पायरीवर येत आणि परत आत जात. आत गेल्या की भांडं आपटे, बाहेर आल्या की मास्तर घड्याळ लपवत.

साहेबांची बस तीनला होती. त्यांना घरी दाखवायला माझ्यासोबत, म्हणजे वजनासोबत, फोटो हवा होता. पिशवी पुन्हा माझ्या हुकाला लावली, साहेब हसले आणि पिशवीचा पट्टा तुटला. व्हरांडाभर दगड घरंगळले. गुळगुळीत दगड, सगळे चुन्याने पांढरे केलेले.

ताईंनी एक उचलून बोटाने चुना खरवडला.

“साहेब, हे काय?”

“आठवण हो. घरी छोटं कारंजं आहे, त्याच्याभोवती लावायला. वर ढीग रचून ठेवलेत की. कोणाचे नव्हते.”

“ढीग नाहीत ते. वाट आहे ती,” ताई म्हणाल्या. “दरीच्या प्रत्येक वळणावर एक चळत असते. धुक्यात वरचे पांढरे दगड पाहूनच माझा भाऊ वळतो. आता खाली उरले काळे. ते त्याला कसे दिसणार?”

“मला काय माहीत? एखादी पाटी तरी लावायची.”

“पाटी लावली असती तर तीही नेली असती,” मास्तर म्हणाले.

ताईंनी दगड पिशवीत भरले, पट्ट्याला गाठ मारली आणि ती साहेबांच्या पुढ्यात ठेवली.

“बूट घाला.”

“मी? या धुक्यात?”

“वाट मला पाठ आहे. दगड कुठले काढलेत ते तुम्हाला माहीत आहे. दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो. चला.”

साहेब गेले. ताईंना नाही म्हणण्याची सोय त्या गावात नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यांचा चेहराही उतरला होता. ताई एका हाताने ताटावर पळी बडवत होत्या. तो आवाज चढावर लहान लहान होत गेला आणि मग नुसतं धुकं उरलं. मास्तरांनी दारावरचे ‘सात किलो जादा’ बाहीने पुसले. वारा मला हलवत होता. शून्य, पाव, शून्य, पाव. बटाट्यांचे दिवस मला त्या दुपारी फार चांगले वाटले.

अंधारायच्या जरा आधी ताट पुन्हा ऐकू आलं. आधी दोघी बहिणी आल्या, शालीवरून भांडत. मागून वाटाड्या लंगडत, साहेबांच्या खांद्यावर हात टाकून. सगळ्यात शेवटी ताई. त्यांच्या हातात साहेबांची पिशवी होती, रिकामी.

“चढताना वाट स्वच्छ होती, चळतींकडे पाहिलंच नाही. उतरताना दोन वळणांवर खूण दिसली नाही,” वाटाड्या मास्तरांना सांगत होता. “तिसऱ्याला पाय टाकला तर खाली जमीनच नाही. पाय मुरगळला, पण मागे पडलो. यांना म्हटलं, आता हलायचं नाही. ताई येईल, शिव्या देईल, त्या आवाजाने आपण जाऊ.”

“शिव्या ऐकल्या आम्ही,” थोरली बहीण म्हणाली. “दोन नवीन होत्या.”

शेगडीजवळच्या खुर्चीत वाटाड्याचा सुजलेला पाय बसला. साहेब दोन दिवस जास्त राहिले आणि रोज वर जाऊन चळतींना चुना लावून आले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

जादा वजनाचा मान बंद झाला. आता पिशवी हलकी भरो की जड, पाहुणा स्वतःच ती उघडून दाखवतो. आधी सगळे तिच्यात डोकावतात, मग आठवलं तर माझ्याकडे. कधीकधी दिवस दिवस मला कोणी विचारत नाही, आणि मी वाऱ्याचं वजन करत लटकत राहतो. गाव चुकलं ते माझ्यामुळेच. जड म्हणजे चांगलं, असं मी त्यांना वाटू दिलं.

तेव्हा मित्रांनो, डोंगरात जरूर या. गावातल्या माणसाला सोबत घ्या, गावातच राहा, गावातच जेवा. आपला कचरा आपल्या पाठीवर खाली आणा. आणि वरची कुठलीही वस्तू, ती कोणाचीच नाही असं वाटलं तरी, जागेवरून हलवू नका. तिच्या भरवशावर कोणीतरी धुक्यात पाऊल टाकत असतं.

शेवटी एकच विनंती. मला लोंबकळून स्वतःचं वजन करू नका. मी पन्नास किलोपर्यंतच आहे.