पालकांचा सत्कार

शाळेचा दहावीचा निकाल दर वर्षी शंभर टक्के लागायचा. बिबवेवाडीच्या चढावर फाटकाच्या कमानीवर तसं लाल अक्षरांत रंगवलेलंच होतं, आणि ते वाचून लोक लांबलांबून पोरं आणून घालायचे. निकाल शंभर टक्के कसा लागतो हे मात्र कमानीवर लिहिलेलं नव्हतं. ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेली गोष्ट बोलून दाखवायची नसते हे नव्या शिक्षकाला पहिल्याच महिन्यात कळायचं.

रीत साधी होती. एप्रिलमध्ये नववीची परीक्षा आटोपली की मुख्याध्यापक दिगंबर खळदकर वर्गशिक्षकांना एकेक करून बोलवायचे आणि दहावीत गटांगळ्या खातील अशी मुलं कोणती ते विचारायचे. त्या मुलांना नववीत नापास करायचं नाही. तसं केलं की पालक बोंब मारतात. त्याऐवजी पालकांना बोलवायचं, चहा पाजायचा आणि त्यांच्याच सहीनं शाळा सोडल्याचा दाखला मागवून घ्यायचा. मग मुलानं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसायचं. पास झालं तर त्याचं नशीब, नापास झालं तरी त्याचंच. शाळेच्या निकालात ते धरायला नको. साप मरतो आणि काठीही मोडत नाही, आणि सगळं कायद्यानं, पालकांच्या मर्जीनं.

चैताली नववी ब ची वर्गशिक्षिका. गणित शिकवायची. रोज कोथरूडहून स्कूटरवर यायची. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती, जूनमध्ये तिची फाइल संस्थेपुढं जायची होती आणि त्या फाइलवर शेरा मारायचा होता खळदकरांनी. त्यांनी तिला बोलावलं तेव्हा तिनं नावं सांगायला टाळाटाळ केली. पण खळदकरांपुढं गुणांचा तक्ता होता. त्यांनी स्वतःच बोट ठेवलं.

"ही मेहनाज. गणितात हा काय प्रकार आहे?"

"काठावर पास आहे, सर. दहावीत मी घेईन तिच्याकडून करून."

"काठावरची माणसं पाण्यातच पडतात, मॅडम."

"पण सर, खो-खोत ती राज्य स्पर्धेला खेळून आलीय. आपल्या शाळेतून आजवर कोणी गेलं नव्हतं."

"कौतुक आहेच. बोर्ड खो-खोचा पेपर काढत नाही, त्याला मी काय करणार?" खळदकरांनी तक्ता मिटला. "आईवडिलांना तयार करून ठेवा. गुणगौरव समारंभ झाला की दाखले काढून टाकू."

मेहनाज ही सडपातळ, अबोल मुलगी. वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि फळ्याकडे असं बघायची, जणू तिथं कोणी भलत्याच गावची भाषा लिहिलीय. पण मैदानावर पळायला उतरली की समोरचा संघ रडकुंडीला यायचा. राज्य स्पर्धेत एका कॉलेजच्या प्रशिक्षकानं तिला पाहिलं होतं आणि सांगितलं होतं, दहावीच्या वर्षात असंच खेळ, पास हो, मग आमच्याकडे ये, पुढचं आम्ही बघू. आता दाखला गेला म्हणजे शाळा गेली. शाळा नाही तर शालेय स्पर्धा नाही, स्पर्धा नाही तर खेळाचे वाढीव गुण नाहीत आणि तो प्रशिक्षकही नाही. घरी एकटी बसून ही मुलगी बीजगणित सोडवणार नव्हती. म्हणजे ती नापास होणार, आणि तिथंच सगळं संपणार. एवढं गणित चैतालीला स्वच्छ दिसत होतं.

खरं तर उपायही सोपा होता. मेहनाजचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. वडील शमशुद्दीन रिक्षांच्या सीटची कव्हरं शिवायचे, स्वारगेटजवळ त्यांचं टपरीएवढं दुकान होतं. आई जरीना घरीच असायची. तिथं जाऊन चैतालीनं एकच वाक्य सांगायचं होतं: कोणी काहीही म्हटलं तरी दाखला मागू नका, तुम्ही मागितल्याशिवाय शाळा तिला काढू शकत नाही. बस्स. पण ते वाक्य खळदकरांच्या कानावर गेलं तर? जूनमधल्या फाइलचं काय? चैताली दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा स्कूटर वळवून परत आली. भित्र्या माणसाला मग शहाणपणा सुचतो, तसा तिला सुचला.

ती खळदकरांकडे गेली. म्हणाली, "सर, गुणगौरव समारंभात यंदाचं सर्वोत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस मेहनाजला देऊ या. आणि तिच्या आईवडिलांनाही स्टेजवर बोलवून शाल-श्रीफळ दिलं तर? पालकांचा सत्कार आपण कधी केलेला नाही."

तिचा हिशेब असा होता: भरल्या सभेत, संस्थेच्या अध्यक्षांसमोर, पेपरवाल्यांसमोर ज्या मुलीचं कौतुक केलं, तिला दुसऱ्या दिवशी कोणत्या तोंडानं घालवतील? माणसाला मनाची नाही तरी जनाची लाज असतेच की. 

खळदकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हसले. ते सहसा हसत नसत.

"उत्तम कल्पना आहे, मॅडम. वडिलांना शाल मी स्वतः घालीन."

त्या दिवशी चैताली घरी गेली ती जिंकल्यासारखी. आईवडिलांना तयार करण्याचं काम तिनं केलंच नाही. आता गरजच काय, असं तिनं स्वतःला सांगितलं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलंय, हे तिला अजून कळायचं होतं.

समारंभाला मैदानावर मांडव घातला होता. ऊन मी म्हणत होतं. शमशुद्दीन इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. बाजूला जरीना. स्वारगेटचे त्यांचे दोन रिक्षावाले दोस्तही मागं उभे होते. पोरीचं बक्षीस बघायला धंदा सोडून आले होते. स्कॉलरशिपवाली मुलं झाली, चित्रकलेची झाली, वक्तृत्ववाली पोपटासारखी बोलून गेली. मग मेहनाजचं नाव पुकारलं आणि नववी ब नं असा गलका केला की अध्यक्ष दचकले. ढाल घेताना पोरीला हसू आवरत नव्हतं.

मग खळदकरांनी माइक हातात घेतला. "हिरे खाणीत सापडतात," ते म्हणाले, "पण खाणीला कोणी हार घालत नाही. आज आपण घालणार आहोत." वर बोलावलं ते फक्त वडिलांना. शमशुद्दीन वर आले. खळदकरांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला आणि सगळ्यांदेखत त्यांना मिठी मारली. दोन शब्द बोला, असा आग्रह केला.

शमशुद्दीन नारळ काखेत धरून माइकपुढं आले. मग म्हणाले, "मी सातवीत शाळा सोडली. शाळेनं बोलावलं की आपल्याला वाटतं, पोरानं काहीतरी केलं असणार, ओरडा खायचाय. आज पहिल्यांदा..." सुईनं कडक झालेल्या बोटांनी त्यांनी डोळे पुसले. चैतालीही रडली. तिला फार बरं वाटत होतं. आपण केलं हे, असं वाटत होतं.

मांडव रिकामा व्हायला लागला तेव्हा शिपाई दत्तोबा आला. "मॅडम, सरांनी बोलावलंय. मेहनाजच्या वडलांनापण. चहाला."

ऑफिसात चहा आणि बिस्किटं मांडली होती. जरीनाला बाहेर बाकावर बसवलं होतं, "ताई, जरा सावलीत बसा" म्हणून. टेबलावर एक कागद टाइप करून ठेवला होता. तो दाखल्याचा अर्ज होता, चैतालीनं दारातूनच ओळखला.

"शमशुद्दीनभाई, आता आपण घरचे," खळदकर म्हणाले. "म्हणून मोकळेपणानं बोलतो. मुलीत दम आहे. पण शाळेत दिवसभर बसून तिचा खेळ मारला जातोय. तिला मोकळं करू या. दहावी बाहेरून द्यायची, घरी अभ्यास, बाकी वेळ मैदान. वर्षही जात नाही. एवढी एक सही केलीत की पुढचं आम्ही बघतो."

शमशुद्दीन कागदाकडे बघत होते. त्यांना तो वाचता येत होता, पण ते वाचत नव्हते. मोठ्या माणसासमोर कागद वाचत बसणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं मानणाऱ्यांतले ते होते.

आणि चैताली बोलली. इतके दिवस गिळलेलं एकदम बाहेर पडलं. "सही करू नका, शमशुद्दीनभाई. दाखला गेला की ती कुठल्याच शाळेची राहणार नाही. मग तिला शालेय स्पर्धेत कोणी उतरवणार नाही. खेळच जाईल तिचा. तुम्ही नाही म्हणालात तर शाळेला तिला ठेवावीच लागेल. हे सगळं फक्त शंभर टक्के निकालासाठी चाललंय."

फाइल गेली, हे तिला कळत होतं, आणि त्या क्षणी त्याचं काही वाटतही नव्हतं.

खळदकर रागावले नाहीत. त्यांनी बिस्किटांची बशी शमशुद्दीनपुढं सरकवली. "मॅडमचा मुलीवर जीव आहे," ते म्हणाले. "तरुण आहेत, लगेच भावनेच्या भरात जातात. माझी जबरदस्ती नाही. निर्णय आपला."

शमशुद्दीननी एकदा खळदकरांकडे पाहिलं, एकदा चैतालीकडे. खांद्यावरची शाल घसरत होती ती सावरली. त्यांच्या चेहऱ्यावर शंका येऊन गेली, चैतालीनं ती स्पष्ट पाहिली. मग त्यांना त्या शंकेचीच लाज वाटली असावी.

"मॅडम, तुमचं मन मोठं आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण सरांबद्दल असं नका बोलू. आत्ता एवढ्या लोकांत त्यांनी मला छातीशी धरलं. ते माझ्या पोरीचं वाईट करतील? आणि मी त्यांना तोंडावर नाही म्हणू? खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

त्यांनी सही केली. सावकाश, नीट, पूर्ण नावाची.

सत्कारानं शाळेचे हात बांधले जातील असं चैतालीला वाटलं होतं. बांधले गेले ते शमशुद्दीन, आणि दोरी तिनंच आणून दिली होती. खळदकरांना हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, म्हणून ते हसले होते. त्यांनी तिला कात्रजचा घाट असा दाखवला की ती स्वतःच्या पायांनी चढून गेली.

ती बाहेर आली तेव्हा जरीना बाकावरून उठली. खिडकी उघडीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तुम्ही आत बोललात ते खरं आहे ना, मॅडम?"

"खरं आहे."

"सरांचं हे कधीपासून चाललंय?"

"परीक्षा संपल्यापासून. मला तेव्हाच सांगितलं होतं."

जरीनानं मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. आवाज चढवणारी बाई नव्हती ती. "आमचं घर इथं मागंच आहे," ती म्हणाली. "हाक मारली तरी ऐकू येतं."

"उद्या अर्ज परत घेता येईल," चैताली घाईघाईनं म्हणाली. "दाखला अजून निघालेला नाही. तुम्ही त्यांना समजवा. मी येते बरोबर."

"ज्याच्या हातून शाल घेतली, त्याच्या दारात उद्या सही परत मागायला जातील ते? मॅडम, तुम्ही त्यांना ओळखत नाही. ते मरतील, पण जाणार नाहीत. आठ दिवसांपूर्वी सांगितलं असतं तर आलेच नसते इथं. मीच येऊ दिलं नसतं." तिनं पदर सारखा केला. "माझी सही तर कोणी मागितलीच नाही."

तेवढ्यात मेहनाज मैदानावरून पळत आली. घामानं डबडबलेली, बक्षिसाची ढाल काखेत. "अम्मी, खो-खोचे रामदास सर म्हणाले सोमवारपासून सुट्टीतली प्रॅक्टिस. सकाळी लवकर. यंदा कॅप्टन मी! आणि मॅडम, दहावीला गणित तुम्हीच घेणार ना आम्हाला?"

चैतालीनं जरीनाकडे पाहिलं. जरीनानं मान फिरवली आणि मुलीला म्हणाली, "मॅडमनाच विचार. त्यांना सगळं माहीत आहे."

मग चैतालीनं तिला सांगितलं. तिथंच व्हरांड्यात उभं राहून, दाखला म्हणजे काय, सतरा नंबर म्हणजे काय, प्रॅक्टिसला आता का यायचं नाही, कॅप्टन दुसरं कोणीतरी का होणार. वर्गात सांगायची तसंच सांगितलं, एकेक पायरी करून. मेहनाज फळ्याकडे बघायची तशी तिच्याकडे बघत राहिली, पण या वेळी तिला सगळं समजत होतं. आतून शमशुद्दीन आणि खळदकर हसत हसत काहीतरी बोलत असल्याचा आवाज येत होता.

"मग मला आज बक्षीस कशाला दिलं?" मेहनाजनं विचारलं.

ते मीच मागून घेतलं होतं, असं सांगायला चैतालीची जीभ रेटेना.