कुंकू पुसणारा कॅमेरा

त्या दिवशी आमच्या दारात अर्धं येरमाळा लोटलं होतं. सगळ्यांच्या माना एका मोबाईलवर वाकलेल्या. बघायचं काय, तर मला. मी शेजारी जिती उभी होते, पण माझ्याकडं कोणी ढुंकून बघंना.

झालं असं, की संक्रांतीच्या दिवशी अंधार पडल्यावर मी गोठ्यात कपिला गाईला तिळगूळ चारायला गेले. अंगावर नवीकोरी काळी साडी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गोठ्यात नव्यानं टांगलेल्या कॅमेऱ्यात मात्र साडी उमटली पांढरीफेक, अन् कपाळ कोरं.

ओट्यावर तिमिरनाथ बाबा काळी कफनी घालून, कपाळाला लालभडक पट्टा ओढून बसले होते.

"हा काळोखाचा डोळा हाय, माय. खोटं बोलत न्हाय. उद्याचं आज दावतो. शिवरात्रीच्या आत तुझं कुंकू पुसणार."

"उपाय?" कोणीतरी विचारलं.

"गाय मठाला द्यावी. मरण तिच्यासंगं जातं."

गाभण गाय मरण घेऊन जाते अन् दूध मठाला देते, असं ते शास्त्र. बाबाचा चेला रणधीर तर दावं सोडायला गोठ्यात पोचलाबी होता.

आत आमचे मालक, उत्तरेश्वरराव, भिंतीकडं तोंड करून पडलेले. उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवणारा माणूस, पण मोबाईल बघितल्यापासून भाकरीला शिवला न्हाय.

"द्वारके, माझ्यामागं सुनेला बोलत जाऊ नको," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"आधी उठून खावा. मरायचंच तर भरल्या पोटी मरा."

बोलले खरी, पण हा माणूस रोगानं न्हाय, भ्यानं मरणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात सून गायत्री शाळेतून आली. पोरांना विज्ञान शिकवते. चित्र बघून ती हसली अन् माझ्या कानाला लागली. मग कॅमेरा काढून तिनं धान्याच्या अंधाऱ्या खोलीत लावला, बाजूला चुलीवरचा काजळी धरलेला तवा ठेवला.

मी ओट्यावर गेले. "बाबा, माझं उद्या दिसलं. आता तुमचं दिसू द्या की."

"योग्याला उद्या नसतो, माय."

"मग आत जायला भ्यायचं काय?"

लोक हसले. बाबाला उठावंच लागलं. आम्ही दार ओढून घेतलं.

मोबाईलवर बाबा दिसले. कफनी माझ्या साडीहून पांढरी. कपाळ सोललेल्या बटाट्यावाणी. तवा तेवढा काळाच्या काळा.

मी दाराला तोंड लावून विचारलं, "बाबा, तुमचा नवरा कोण हो? त्याला निरोप धाडते. शिवरात्रीच्या आत जाणार बिचारा."

हशा पिकला. तो ओसरल्यावर गायत्रीनं समजावलं, "अंधारात हा कॅमेरा आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड फेकतो. कितीतरी काळे कपडे तो उजेड परत फेकतात, म्हणून पांढरे दिसतात. कुंकूही तसंच, म्हणून कातडीत मिसळून जातं. काजळी मात्र तो उजेड गिळते. पूर्वी दिव्यावर गडद काच चढवून, निराळं रीळ घालून असे अंधारातले फोटो काढायचे. आता तेच काम हा एवढासा डबा करतो."

"मग रणधीरला हे ठाऊक नसंल?" मी विचारलं. "गावात कॅमेरे तोच बसवतो. संक्रांतीला बाया काळं नेसतात, हे तर शेंबड्या पोराला ठाऊक."

गर्दीतली शिवप्रिया पुढं आली. "काकी, आमचीबी गाय ह्यांनी अशीच नेलीय." मग मात्र कोणी हसलं न्हाय. सगळी माणसं तिच्या पाठोपाठ तिची गाय आणायला मठाकडं निघाली. रणधीरच्या हातातलं दावं तिनंच काढून घेतलं अन् बाबाला खोलीतून काढून दोघांनाबी पुढं घातलं.

मालक घोंगडं पांघरून उंबऱ्यात आले. "कालवण काय हाय?"

लेकरांनो, यंत्र खोटं बोलत न्हाय, हे खरं. पण त्याचा अर्थ सांगायला मधी कोण बसलाय, ते बघा. अन् कोणी तुमचं मरण दावलं, तर गाय सोडू नका. आधी दावणाऱ्याला तव्याशेजारी उभा करा.